पुष्करणीतली संध्याकाळ

लोणी भापकर

चि. सानिकास,


ग्रीसमधल्या फोलेगांद्रोस बेटाचा फोटो पाहिला. पांढरी घरं, खाली समुद्र आणि गल्लीत चिटपाखरू नाही. फार बरं वाटलं. पण त्याखाली तू विचारलंस, "आत्या, लहानपणी मला मल्लिकार्जुनाच्या पुष्करणीत नेऊन गप्प बसवायचीस, ते का गं?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

१९७२ चा दुष्काळ. मी चौथीत असेन, नाहीतर पाचवीत. कालव्याचं पाणी बागायतदारांना. आपलं शिवार जिरायत, सगळी भिस्त पावसावर. तुझी आजी खडी फोडायला जायची. परतताना आधी पुष्करणीच्या पायऱ्या उतरायची आणि भिंतीतल्या कोनाड्याशी पाठ टेकून बसायची. तळहातांना फोड आलेले. ते सावलीतल्या गार दगडावर उपडे ठेवायची, थोड्या वेळानं उताणे, पुन्हा उपडे. वरून कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी शेजारी, तोंडातून शब्द न काढता. घरी चूल, सासू, पोरं वाट बघत असायची. तिला विसावा म्हणून मिळाला तो तेवढाच. तुला तिथं बसवायचे, ते तिच्यासाठी.

मल्लिकार्जुनाचं हे देऊळ यादवकाळातलं. तिथला यज्ञवराह आठवतो? अंगभर झुलीसारख्या ओळींत विष्णूच्या इवल्या मूर्ती कोरल्यात. त्यावरून जाणकार म्हणतात, देऊळ मूळचं विष्णूचं असावं. तू त्या मूर्ती बोटानं मोजायला लागायचीस आणि अर्ध्यावर चुकायचीस.

आपल्या शिवारासारखी तुझी ती बेटंही कोरडीच बरं का. पावसाचं पाणी टाक्यांत साठवून माणसं तिथं राहिली. त्याच द्वीपसमूहातल्या डिलॉसवर तर प्राचीन नाट्यगृहावर पडणारा पाऊस धरायला दगडी कमानींचं मोठं टाकं बांधलेलं आहे. जमलं तर लेकीला दाखव. आणि हॉटेलात नळ सोडून ठेवू नका.

लेक फोनवर "हाय आज्जी" म्हणते आणि पळते. घरात तिच्याशी मराठीत बोलत जा, नाहीतर तुझ्या आजीची ही गोष्ट तिला सांगणार कोण आणि कशी? फोटोत तू वाळलेली दिसतेस. जेवणाची हयगय करू नकोस.

उन्हाळ्यात येऊ नका, पोरीला सोसायचं नाही. जानेवारीत या. मोरगावचा गणपती करू, मग निवांत पुष्करणीवर जाऊ. तिकीट काढलं की तारीख कळव, हुरड्यासाठी ज्वारीचा एक वाफा राखून ठेवायला सांगते.

तुझी,
आत्या