मास्तर आमदार होतो तेव्हा

बी.ए. झाल्यावर पुढे काय, असे कोणी विचारले की आमच्या औरादकडची पुष्कळ मुले 'बी.एड.' असे उत्तर देतात. माझेही उत्तर तेच. त्यावर वडिलांचे सांगणे ठरलेले असते, "मास्तर हो, पण पुढाऱ्यांच्या नादी लागू नको." मास्तरकी स्वच्छ आणि राजकारण म्हणजे चिखल, अशी आपल्याकडची पक्की समजूत. ती कितपत खरी आहे याचा विचार करताना मला प्रा. एन. डी. पाटील यांचे चरित्र आठवते.

नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म 15 जुलै 1929 चा, सांगली जिल्ह्यातील ढवळी गावी, शेतकऱ्याच्या घरी. ते अर्थशास्त्राचे एम.ए. आणि 1954 ते 1957 या काळात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होते. कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचे हे कॉलेज. 'कमवा आणि शिका' ही तिथली रीत. खडी फोडून, शेतात राबून मुले तिथे पदवीधर झाली. अशा मुलांना शिकवणारा माणूस गरिबी पुस्तकात शोधत नाही. ती त्याच्यासमोर बाकावर बसलेली असते.

शेतकरी कामगार पक्षाचे काम ते 1948 पासूनच करीत होते. 1960 मध्ये ते विधान परिषदेवर गेले आणि एकूण 18 वर्षे तेथे राहिले. 1978 ते 1980 या काळात सहकारमंत्री झाले, तर 1985 ते 1990 कोल्हापूरचे आमदार. वर्ग सुटला, असे लोक म्हणाले असतील. मला तसे वाटत नाही. वर्गात हुशार मुलापेक्षा न समजलेल्या मुलासाठी फळ्यावर पुन्हा लिहावे लागते. सभागृहात शेतमालाच्या भावाचे किंवा दुष्काळाचे गणित मांडतानाही तीच चिकाटी लागते.

आपल्या तालुक्याशीही त्यांचा संबंध येतो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. औराद, भालकी, बीदर, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सीमाप्रश्न महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला आणि त्या कामात एन. डी. पाटील अग्रभागी होते. या विषयावर आपल्या महाविद्यालयात दोन मते आहेत आणि माझ्या बाकावरचा कानडी मित्र माझ्याशी सहमत असेलच असे नाही. परंतु भांडण दगडाने न सोडवता कागद, नकाशे आणि युक्तिवाद घेऊन न्यायालयात मांडावे, ही रीत आम्हा दोघांनाही पटते. अशी रीत शिकवणे हे मास्तराचेच काम नव्हे काय?

आपल्या राज्यघटनेनेही शिक्षकाला सभागृहात जागा ठेवली आहे. कलम 171 प्रमाणे विधान परिषदेच्या सुमारे एक बारांश जागा शिक्षक मतदारांकडून निवडल्या जातात. कर्नाटकाच्या 75 पैकी 7 आणि महाराष्ट्राच्या 78 पैकी 7 जागा तशा आहेत. म्हणजे शिक्षकाने राजकारणात जाणे हा अपराध खासच नाही.

मात्र मास्तरकी ही केवळ निवडणुकीची शिडी झाली, तर वर्ग ओस पडतो आणि नुकसान गरिबाच्या मुलाचे होते. वडिलांची भीती खरी असेल तर ती इथे. मग खरा मास्तर-आमदार ओळखावा कसा? 1990 मध्ये आमदारकी संपल्यावर एन. डी. पाटील रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन झाले. शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध बोलत राहिले, आणि ऐंशी ओलांडल्यावर कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात रस्त्यावर उतरले. 17 जानेवारी 2022 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी, ते गेले.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या कोणी 'मी पूर्वी शिक्षक होतो' असे सांगत आपल्या दारी मत मागायला आला, तर त्याच्या भाषणाला भुलू नका. त्याला एवढेच विचारा, "गुरुजी, खुर्ची गेल्यावर तुम्ही काय करणार?"