तबलीवरचे भोक: एका जुन्या जॅझ गिटारीचा जीर्णोद्धार

१/२०
एका वाद्यकारागिराच्या बाकावर सुमारे नव्वद वर्षांची जॅझ गिटार ठेवली आहे, अशी कल्पना करावी. पोट पोकळ आणि फुगीर, तबलीवर व्हायोलिनसारखी दोन लांबट छिद्रे, कोरलेल्या लाकडाची सौम्य कमान. आणि त्या कमानीवर, पडदेपट्टीच्या टोकाशी, कोणीतरी करवतीने कापलेले एक आयताकृती भोक. मालकाची इच्छा एवढीच की भोक बुजवावे आणि गिटार ‘मूळ रूपात’ यावी. हा थ्रेड त्या ‘मूळ’ शब्दाविषयी आहे.

२/२०
भोकाकडे येण्यापूर्वी ही गिटार अशी का घडली, ते पाहावे लागते. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील नृत्यवृंदांत तालाचे तंतुवाद्य म्हणजे बँजो. ताणलेल्या चामड्याचा त्याचा खणखणीत आवाज ट्रम्पेट आणि ड्रम यांतूनही वाट काढी. सपाट तबलीची गिटार दिवाणखान्यात गोड वाजे, पण पितळी वाद्यांच्या गर्दीत हरवून जाई. या वाद्याची पुढील तीस वर्षे ऐकू येण्यासाठी धडपडण्यात गेली.

३/२०
धडपडीची एक वाट मिशिगन राज्यातील कॅलमाझू या गावातून निघाली. तेथील कारागीर ऑर्व्हिल गिब्सन जाड फळी कोरून तिला व्हायोलिनसारखी कमान देत असे. अशा कोरीव बांधणीच्या मॅन्डोलिनसाठी त्याला १८९८ मध्ये पेटंट मिळाले आणि १९०२ मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. त्याच्या गिटारींना तेव्हा मधोमध गोल किंवा अंडाकृती छिद्र असे.

४/२०
१९१९ मध्ये या कंपनीत लॉइड लोअर आला. तो वादक होता आणि ध्वनिशास्त्राचा जाणकारही. १९२४ मध्ये तो बाहेर पडला, पण त्याआधी ‘एल-५’ ही गिटार जन्माला आली होती: मधले छिद्र गेले, इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे आली. थॅडियस मॅकह्यू या सहकाऱ्याच्या कल्पनेतून दांडीच्या आत पोलादी सळई बसवली जाऊ लागली होती. तिला ट्रस रॉड म्हणतात. या घाटाच्या गिटारींना ‘आर्चटॉप’ हे नाव रूढ झाले.

५/२०
तिची यंत्रणा मराठी वाचकाला परकी वाटू नये. तंबोऱ्याप्रमाणे येथेही तबली आहे, घोडी आहे, खुंट्या आहेत. फरक इतकाच की आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. तारांची टोके धातूच्या टेलपीसला अडकवलेली असतात. जाड तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. त्याचा काही अंश घोडीवाटे खाली दाबतो आणि कमान तो पेलते. कमान खचली की वाद्य संपले.

६/२०
१९२५ पासून ध्वनिमुद्रण मायक्रोफोनने होऊ लागले आणि गिटारीला पहिली संधी मिळाली. फिलाडेल्फियाचा एडी लँग तिचा सर्वांत मोठा लाभार्थी ठरला. व्हायोलिनवादक जो वेनुटीबरोबरच्या त्याच्या तबकड्यांनी बँजोची गरज संपल्याचे जणू जाहीर केले. १९३३ मध्ये, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर, ऐन तिशीत तो गेला. मात्र वृंदांतील बँजोवादक तोवर गिटारीकडे वळू लागले होते.

७/२०
स्टुडिओत मायक्रोफोन होता. नृत्यगृहात मात्र गिटारीला स्वतःच्या छातीवर विसंबावे लागे. म्हणून छात्या रुंदावल्या. १६ इंच रुंदीची एल-५ १९३४ च्या सुमारास १७ इंचांची झाली. त्याच वर्षी १८ इंचांची ‘सुपर ४००’ आली, तिच्या ४०० डॉलर किमतीवरूनच नाव घेऊन. न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनी आणि जॉन डी’अँजेलिको हा एकांडा कारागीर याच शर्यतीत होते. बाकावरची गिटार याच काळातील आहे.

८/२०
आता बाकाकडे. चांगला कारागीर पहिल्या दिवशी हत्याराला हात लावत नाही. एफ-छिद्रातून छोटा दिवा आणि आरसा आत सोडून तो पोकळीची पाहणी करतो. बोटाच्या पेराने तबली जागोजाग ठोकून ऐकतो. जेथे आवाज भरीव, तेथे आतली आधारपट्टी घट्ट. जेथे किरकिर, तेथे ती सुटलेली. लेबल, शिक्के, पेन्सिलीच्या खुणा, मागच्या कोणी केलेल्या डागडुजीचे थर, सारे तो टिपून घेतो. अभिलेखागारात कागद हाती आला की संशोधक जे करतो, तेच हे.

९/२०
पहिला साक्षीदार म्हणजे सांध्यांतला सरस. प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा डिंक ऊब आणि ओलावा मिळताच सुटतो. दमट हवेत तो शत्रू वाटेल, पण दुरुस्तीत तोच मित्र: सांधा लाकूड न फाडता उघडता येतो. पुढे आलेल्या इपॉक्सीसारख्या चिकटद्रव्यांनी केलेली दुरुस्ती बहुधा कायमची असते. म्हणून जाणकार आजही सरसच वापरतो. आपली चूक पुढच्या पिढीला सुधारता यावी, ही त्यामागची नम्रता.

१०/२०
दुसरा साक्षीदार दांडी. दशकानुदशकांच्या ताणाने तिचा कोन बदलतो आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. मग सांध्यात वाफ सोडून दांडी काढायची, सांध्याचे लाकूड पटाशीने किंचित तासायचे आणि ती नव्या कोनात बसवायची. येथे इतिहासाचे भान उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई असल्याने त्या वर्षांतील काही गिटारींच्या दांडीत ट्रस रॉड घातलेलाच नाही. ज्याला १९४३ साल ठाऊक नाही, तो त्या वाद्याला सदोष ठरवून मोकळा होईल.

११/२०
तिसरा साक्षीदार सर्वांत धोकादायक: तारांशेजारची कासवपाठीच्या रंगाची संरक्षक पट्टी. जुन्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे मूकपटांच्या नायट्रेट फितींच्याच कुळातील. हे द्रव्य कुजू लागले की आम्लधर्मी वाफा सुटतात. जवळचे पडदे हिरवे पडतात, टेलपीसचा मुलामा खातात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला लागलेली आग चित्रपटप्रेमींना आठवत असेल. कुजणारी पट्टी गिटारीपासून दूर, हवेशीर जागी वेगळी ठेवावी लागते. पुरावा जपायचा, पण इतर पुराव्यांना खाऊ द्यायचा नाही.

१२/२०
चौथा साक्षीदार लॅकर. त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात. दांडीच्या मागे अंगठ्याने घासून उघडे पडलेले लाकूड दिसते. पडद्यांवरच्या खाचा नीट वाचल्या तर वादक कोणत्या पट्ट्यांत रमत असे, याचाही अंदाज बांधता येतो. रंगकाम नव्याने केले की गिटार देखणी होते आणि हे सारे पुसले जाते. संग्राहकांच्या बाजारातही पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत घसरते. क्वचितच बाजार आणि इतिहास एकाच बाजूला उभे असतात.

१३/२०
आता ते भोक. १९३६ मध्ये गिब्सनने ‘ईएस-१५०’ ही विद्युत आर्चटॉप बाजारात आणली. तिच्या तबलीखाली चुंबक आणि वर तारेचे वेटोळे असलेला पिकअप होता. १९३९ मध्ये ओक्लाहोमाचा तरुण कृष्णवर्णीय वादक चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या संचात आला. सॅक्सोफोनसारखी लांबलचक, एकेरी स्वरांची वाक्ये गिटारीतून उमटू लागली. मार्च १९४२ मध्ये क्षयाने तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. एवढ्या अल्प काळात गिटार तालाच्या मागच्या रांगेतून पुढे आली.

१४/२०
नवी विद्युत गिटार प्रत्येकाला परवडणारी नव्हती. हाती असलेली, कदाचित कर्ज काढून घेतलेली आर्चटॉप कापून तिच्यात पिकअप बसवणे, हा मार्ग अनेकांनी पत्करला. न कापता जोडता येणारे डिआर्मंडचे पिकअपही होते, तरी करवती चालतच राहिल्या. १९५१ मध्ये कंपनीने स्वतःच एल-५ च्या तबलीत कारखान्यात पिकअप बसवून ती विकायला काढली. वेस माँटगोमेरीचा अंगठ्याने छेडलेला तो गोल, ऊबदार स्वर पुढे याच जातीच्या गिटारीतून निघाला.

१५/२०
म्हणजे बाकावरचे भोक निष्काळजीपणाची खूण नाही. ज्या वादकाने ते कापले, त्याला आपला स्वर ऐकू यायला हवा होता. तीस वर्षांच्या त्या धडपडीचे ते शेवटचे पाऊल. पण मालकाचे म्हणणेही हसण्यावारी नेता येत नाही. भोकामुळे तबली दुबळी झाली आहे, आतली एक आधारपट्टी करवतीने तुटली आहे, कमान त्या बाजूला किंचित खचते आहे. शिवाय १९३० च्या दशकाचा विनापिकअप आवाज ऐकण्याची त्याची ओढ खरी आहे.

१६/२०
वास्तूंच्या जतनात हा वाद जुना आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन सूत्रे दिली. जेथे अनुमान सुरू होते, तेथे जीर्णोद्धार थांबावा. आणि वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर मान्य करावी. सारे काही एकाच शैलीत आणणे हे ध्येय असू नये. सनद स्मारकांसाठी होती, लाकडाच्या पेटीसाठी नव्हे. पण गिटार ही वाजणारी वास्तू आहे, आणि येथे अडचण वाढते: मंदिराच्या कमानीला रोज सत्तर किलोच्या ताणाखाली गाऊन दाखवावे लागत नाही.

१७/२०
म्हणून सुज्ञ कारागीर दोन प्रश्न वेगळे करतो. आधारपट्टी तुटणे ही इजा आहे; ती बरी करायची. स्प्रूसचा तुकडा जुन्या पट्टीच्या रेषा जुळवून सरसाने जोडायचा, खचलेली कमान आतून हळूहळू वर उचलायची. भोक हा निर्णय आहे; तो कोणाचा तरी आयुष्यातला निर्णय होता. ते लाकडाने कायमचे न बुजवता, काढता येईल असे झाकण त्यावर बसवायचे. आज विनापिकअप वाजवता येईल आणि उद्या कोणाला १९४० चे दशक ऐकायचे झाले तर झाकण काढून पिकअप परत लावता येईल. काय केले, याची चिठ्ठी आत ठेवायची.

१८/२०
आता शेवटचा टप्पा, जुळणी. पडदे एका पातळीत आणायचे, हाडाच्या नटमधल्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे घासायच्या, ट्रस रॉडने दांडीला कागदाच्या जाडीएवढा बाक द्यायचा. मग तारांची उंची. आजचा वादक बाराव्या पडद्यापाशी दीड-दोन मिलिमीटर मागतो. काउंट बेसीच्या वृंदात १९३७ पासून १९८७ मधील मृत्यूपर्यंत ताल धरणारा फ्रेडी ग्रीन मात्र जाड तारा आणि फार उंच जुळणी ठेवी, कारण पिकअपशिवाय अख्ख्या वृंदातून त्याला ऐकू यायचे होते. तारांची उंचीही एक दस्तऐवज आहे.

१९/२०
घोडीचे काम सर्वांत निगुतीचे. तबलीवर काचकागद पसरून त्यावर आबनुसाच्या घोडीचे पाय घासत राहायचे, जोवर ते कमानीला केसाचीही फट न ठेवता बसत नाहीत. मग तार बाराव्या पडद्यावर दाबून आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून, असे दोन्ही स्वर ताडून पाहायचे. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी टेलपीसकडे सरकवायची. मिरजेच्या कारागिराला जवारी लावताना पाहिलेल्यांना हा संयम ओळखीचा वाटेल: थोडे घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची.

२०/२०
तारा चढल्या. पहिले काही दिवस लाकूड नव्या ताणाशी जुळवून घेते आणि स्वर उतरत राहतो. पुन्हा पुन्हा लावावा लागतो. मालकाला हवी होती ती १९३० च्या दशकाची कोरी गिटार त्याला मिळालेली नाही. कापली गेलेली, वाजलेली, सावरलेली, आणि आता पुन्हा वाजणारी गिटार मिळाली आहे. झाकणाची बारीक रेघ जवळून पाहिल्यास दिसते. एखादा वाडा, एखादे देऊळ किंवा एखादे वाद्य ‘मूळ रूपात’ आणल्याचे कोणी सांगितले, तर एकच प्रश्न विचारावा: कोणत्या सालाच्या? आणि त्यासाठी मधली कोणती साले पुसली?