अज्ञात कारणें

शाळेंत असतांना बर्म्युडा त्रिकोणावरील पुस्तकें आम्हीं अधाशासारखीं वाचलीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. फ्लोरिडा, बर्म्युडा व पोर्तो रिको यांच्या मधला समुद्र जहाजें आणि विमानें गिळतो, आणि त्यास बुडालेलें अटलांटिस, परग्रहावरील प्राणी किंवा कांहीं अगम्य चुंबकशक्ति कारण आहे, यावर आमची तेव्हां पुराणांइतकी श्रद्धा होती. पुढें लॅरी कूश या अमेरिकन ग्रंथपालानें जुनीं वर्तमानपत्रें व चौकशांचे कागद धुंडाळून १९७५ सालीं लिहिलेलें पुस्तक हातीं पडलें, आणि श्रद्धेस ओहोटी लागली. शांत समुद्रांत नाहींशीं झालेलीं म्हणून वर्णिलेलीं कित्येक जहाजें भर तुफानांत सांपडलीं होतीं. कांहीं तर त्या त्रिकोणाच्या आसपासहि नव्हतीं. ‘वादळ झालें, जहाज बुडालें’ एवढ्या मजकुरावर पुस्तक खपत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु गूढाची गोडी पुस्तकें विकणारांसच असते असें नाहीं. आमच्याच समुद्रांतली ‘वैतरणा’ आगबोट घ्या. १८८८ च्या नोव्हेंबरांत ती कच्छ-मांडवीहून मुंबईस निघाली. विजेच्या दिव्यांमुळें लोक तिला ‘विजळी’ म्हणत. द्वारकेस आणखी उतारू घेऊन, हवा बिघडल्यामुळें पोरबंदरास न थांबतां, ती सरळ मुंबईच्या रोखानें गेली आणि सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. तींत लग्नाचीं वऱ्हाडें होतीं. मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेलीं मुलें होतीं. काठेवाडांत तिजवर गाणीं झालीं, कप्तान हाजी कासम याचें नांव घरोघरीं गेलें. आणि यमलोकच्या वाटेवरील नदीचें नांव आगबोटीस ठेवल्यावर दुसरें काय व्हावयाचें, असेंहि कोणी म्हटल्यावांचून राहिलें नसेल. (वास्तविक त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी आमची वैतरणा किती निरुपद्रवी नदी आहे!) सरकारी चौकशींत मात्र निराळी गोष्ट निघाली: आगबोटीवर प्राणरक्षणाच्या होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हते. गाण्यांत दैव आलें, चौकशींत होड्यांचा हिशेब आला. लोकांनीं गाणें तेवढें लक्षांत ठेविलें.

तेव्हांपासून आमचें मत पक्कें होतें कीं, गूढ म्हणजे कोणाच्या तरी हयगयीवर घातलेलें पांघरूण. तें डळमळलें ‘फ्लाइट १९’ च्या हकीकतीमुळें. ५ डिसेंबर १९४५ रोजीं फ्लोरिडांतील फोर्ट लॉडरडेल येथून अमेरिकन आरमाराचीं ५ विमानें सरावासाठीं उडालीं. आंत १४ माणसें. दोन्ही होकायंत्रें बिघडलीं असें पथकप्रमुखानें बिनतारी यंत्रावरून कळविलें. खालीं दिसणारीं बेटें फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचीं कीज बेटें होत, अशी त्याची समजूत झाली. तीं बहुधा बहामाचीं होतीं. कीज बेटांवरून घरीं यावयाचें तर ईशान्येकडे वळावें लागतें. बहामावरून ईशान्येकडे वळलें म्हणजे पुढें नुसता महासागर. पश्चिमेस गेलों तर घर येईल, असें बरोबरचा एक वैमानिक म्हणत असल्याचें किनाऱ्यावर ऐकूं आलें. दिवस मावळला, समुद्र खवळला, पेट्रोल संपत आलें. शोधास गेलेल्या विमानांपैकीं एक १३ माणसांसह परत आलें नाहीं. एका तेलवाहू जहाजानें त्या सुमारास ज्वाळा आणि पाण्यावर तेलाचा तवंग पाहिला.

चौकशीनें दोष पथकप्रमुखावर ठेवला. त्याच्या आईस तें सहन झालें नाहीं. विमानें सांपडलीं नाहींत, देह सांपडले नाहींत, मग मुलास दोषी कशाच्या आधारें ठरवितां, असा तिचा प्रश्न होता. शेवटीं आरमारानें शेरा बदलला: ‘अज्ञात कारणें’. प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस हा सत्याचा अपलाप वाटला. आतां तसें म्हणवत नाहीं. दिशा चुकली हें खरें दिसतें. पण अंधार पडत असतां, होकायंत्रांवरचा भरंवसा उडालेला असतां आणि बरोबरच्या पोरांचे जीव हातीं असतां जो चुकला, त्यास त्या आईच्या देखत अपराधी म्हणण्याची आमची छाती नाहीं. दुर्दैव इतकेंच कीं, तिनें मुलासाठीं मिळविलेले हेच दोन शब्द पुढें त्रिकोणवाल्यांचें भांडवल झाले.

शिवाय साधें कारण म्हणजे ठाऊक असलेलेंच कारण, असेंहि नाहीं. प्रचंड लाटांच्या खलाशांनीं सांगितलेल्या गोष्टी शास्त्रज्ञ फार दिवस अतिशयोक्तींत जमा करीत. १९७८ च्या डिसेंबरांत ‘म्युन्शेन’ हें जर्मन मालवाहू जहाज अटलांटिकमध्यें नाहींसें झालें. त्याची जी एक रिकामी होडी सांपडली, ती जहाजावर पाण्यापासून सुमारें २० मीटर उंच टांगलेली असे, आणि तिच्या खिळ्या पुढून मागें वांकल्या होत्या. १ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांतील ड्रॉपनर या नॉर्वेच्या मंचावर यंत्रानें २५ मीटरांहून उंच लाट मोजली, तेव्हां खलाशांवर विश्वास बसला.

२२ जुलै २०१६ रोजीं चेन्नईजवळील तांबरम् येथून अंदमानास निघालेलें आपल्या वायुदलाचें एएन-३२ विमान २९ माणसांसह बंगालच्या उपसागरावर नाहींसें झालें. २०२४ च्या जानेवारींत चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या मनुष्यविरहित पाणबुडीनें सुमारें ३४०० मीटर खोलीवरून त्याच्या अवशेषांचीं छायाचित्रें आणलीं. विमान कां पडलें हें त्यांवरून कळत नाहीं. कोठें पडलें तेवढें कळलें: चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारें १४० सागरी मैलांवर. साडेसात वर्षांनीं त्या २९ घरांस नकाशावर बोट ठेवतां येईल अशी एक जागा मिळाली.