फिरत्या घरातील गळती

मनाली सोडून अटल बोगद्यात शिरावे, नऊ किलोमीटर डोंगराच्या पोटातून जावे आणि लाहौलच्या खोऱ्यात बाहेर पडावे, म्हणजे हिमालयाने कूस बदलल्यासारखे वाटते. देवदारांची दाटी मागे राहते व पुढे उघडे, करड्या अंगाचे पर्वत उभे ठाकतात. २०२० साली हा बोगदा खुला झाल्यापासून ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांगची चढण टळली आहे. बिछाने, चूल व पाण्याची टाकी बरोबर घेऊन हिंडणारी फिरती घरे, म्हणजेच कॅम्पर व्हॅन, या वाटेवर दिसतात. तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात व पुढे चंद्रभागा हे नाव धारण करतात. हे नाव कानी पडताच मराठी माणूस क्षणभर थबकतो, यात नवल नाही. मात्र ही नदी पंढरीला न जाता चिनाब होऊन वाहते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमचा मुक्काम केलाँगच्या पुढे, भागेच्या काठी, जिस्पा येथे होता. गाडी मित्राची, प्रवासी चौघे, त्यांत त्याची वृद्ध आई, पाणी साठ लिटर. दारच्यानंतर वस्ती विरळ होत जाते, आणि बारालाचा ओलांडून सरचूला पोहोचेपर्यंत बरोबरच्या पाण्यावरच भागवावयाचे होते. अशा वेळी सकाळी नऊच्या सुमारास ओट्याखालची फळी ओली आढळली. रात्री ती कोरडी होती.

आपल्या भाषेत पाणी पाझरते, झिरपते, ठिबकते आणि गळते. हे शब्द शोभेचे नव्हेत, निदानाचे आहेत. सेकंदाला एक थेंब ठिबकला तरी दिवसाकाठी चार लिटरांच्या आसपास पाणी जाते. साठ लिटरांच्या संसारात ही चोरी लहान नव्हे. शिवाय लाकूड कुजते आणि विजेच्या तारा त्याच फळीमागून गेलेल्या असतात. म्हणून प्रथम विजेचे बटण बंद करून तारा कोरड्या आहेत ना, हे पाहणे इष्ट.

त्यानंतर सर्व नळ बंद करावे, पंप सुरू करावा आणि स्वस्थ बसून ऐकावे. नळ्यांत दाब भरला की पंप आपोआप थांबतो. कोणी नळ उघडला नसताना तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घुरघुरू लागला, तर पंपाच्या पुढील भागात कोठेतरी दाब निसटतो आहे असे समजावे. कधी बाहेर थेंबही दिसत नाही. तेव्हा पंपातील झडपेतून पाणी टाकीकडेच परतत असते. पंप गप्प असूनही जमीन ओली होत असेल, तर टाकी, तिची भरण्याची नळी किंवा मोरीचा निचरा तपासावा. रस्त्याच्या हादऱ्यांनी आटे सैल होतात, हे तर नेहमीचेच.

आमचा पंप घुरघुरत होता. मग प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे ठेवले. पाणी जेथे दिसते तेथेच ते निघालेले असते असे नाही. नळीच्या पोटावरून ते हातभर सरकून खाली पडते. सर्वांत वरचा भिजलेला कागद गाळणीखाली निघाला. तिच्या प्लास्टिकच्या भांड्याला केसाएवढी चीर होती.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. रात्रीच्या थंडीत गाळणीतील पाण्याने भांडे फोडले आणि बर्फानेच ती चीर बुजवून धरली. ऊन येताच बर्फ वितळला व चोर उघडा पडला. गळती सकाळी दिसली, पण झाली होती रात्री. हे ध्यानी आले नसते तर आम्ही निष्कारण साऱ्या जोडांचे आटे आवळत बसलो असतो, आणि फार आवळल्याने प्लास्टिकचे जोड फुटतात ते वेगळेच.

नवे भांडे तेथे कोठून मिळणार? गाळणी काढली, दोन्ही नळ्या एका पितळी जोडाने सांधल्या, आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली व क्लॅम्प बसविले. पंप थांबला तो थांबलाच. पिण्याचे पाणी मात्र उकळून घ्यावयाचे ठरले. पुढे जावे की परतावे, हा वाद आईंनी मिटविला: "कागद कोरडे राहिले तर निघू." तासाभराने कागद कोरडे होते.

सरचूच्या रात्री पंप बंद करून नळ उघडे ठेवले, नळ्यांतील सारे पाणी खालच्या तोटीने पातेल्यात काढले आणि टाकीभोवती रजई लपेटली. पातेले आईंनी घोंगडीत गुंडाळून आपल्या उशाशी ठेवले. सकाळचा चहा त्याच पाण्याचा झाला.