महागावची सव्वीस जानेवारी

महागावला पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर प्रामाणिकपणे सांगावे लागेल, की काही नाही. यवतमाळहून उमरखेडमार्गे नांदेडला जाणारी एस्.टी. तिथे घटकाभर थांबते, प्रवासी चहा पितात आणि पुढे जातात. गेल्या २६ जानेवारीला मीही तसाच उतरलो. पुढच्या गाडीला बराच वेळ होता.

शाळेतली पोरे झेंडावंदन उरकून, गोळ्या चघळत परतत होती. हॉटेलात दूरदर्शनवर दिल्लीचे संचलन चालू होते. रणगाडे गेले, क्षेपणास्त्रे आली, आणि हॉटेलभर टाळ्या पडल्या. खोटे कशाला बोलू? माझ्याही अंगावर काटा आला. हातातली भजी तेवढी गार झाली.

शेजारचे धोतर-टोपीतले आजोबा मात्र टाळी न वाजवता बघत होते. "तुम्हाला नाही का आवडत?" मी जरा टोचूनच विचारले.

"आवडते ना बाप्पा! नातू फौजेत हाय माहा. जम्मूकडं. फोन केला का पयले इचारते, आबा, कापसाले भाव काय भेटला?"

एवढे बोलून ते बशीतला चहा फुंकू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "आलेच हा तं चिलगव्हाण पाहून जा."

गाडी सोडली आणि गेलो.

चिलगव्हाण याच तालुक्यातले. अंगणात तुरीच्या पेंढ्या, घराघरांत कापूस; चारचौघींसारखेच गाव. इथले साहेबराव करपे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे गृहस्थ. १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळच्या दत्तपूरला त्यांनी पत्नी आणि चार लेकरांसह जीवनाचा शेवट केला. शेतकऱ्याच्या हलाखीचे कारण चिठ्ठीत लिहून ठेवले. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानतात. त्या चार लेकरांना कोणी विचारले नव्हते, हे मनात आले की या मृत्यूला हौतात्म्य म्हणायला जीभ रेटत नाही. पण विसरायलाही मन धजत नाही.

त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ मार्चला, दिल्लीत ४१० बोफोर्स तोफांचा १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. एकामुळे दुसरे घडले, असे मी मुळीच म्हणत नाही. १९९९ साली कारगिलला याच तोफा उपयोगी पडल्या, आणि त्यांमागे उभी असलेली पोरे कितीतरी अशाच कापसा-जोंधळ्याच्या घरांतली होती. तोफा हव्यात. पण बोफोर्स हे नाव घराघरांत पोहोचले आणि चिलगव्हाण कुठे आहे हे मला साठी उलटल्यावर, तेही गाडीला उशीर होता म्हणून कळले. याची लाज वाटली.

१९६५ चे युद्ध मला अंधुक आठवते. शास्त्रीजींनी 'जय जवान, जय किसान' म्हटले आणि आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले. अमेरिकेच्या गव्हावर जगण्याची नामुष्की होती. सोमवारी रात्री आमच्या घरी चूल पेटत नसे. आम्ही भावंडे भुकेने चिडचिड करायचो, आई म्हणायची, "देशासाठी रे!" त्याच वर्षी इथून जवळच्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे त्यांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर जाहीर सांगितले होते. त्या अभिमानाला पोटाला चिमटा घ्यावा लागे. माझ्या परवाच्या अभिमानाला फक्त हॉटेलातली खुर्ची लागली होती. आणि घोषणेतला किसान तर शेजारी बसून चहा फुंकत होता.

२०१७ पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाची मंडळी करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ अन्नत्याग करतात. यंदा मीही ठरवले. सकाळी नातवाने विचारले, "आजोबा, आज कुठल्या देवाचा उपास?" त्याला चिलगव्हाण नकाशात दाखवू लागलो, तर ते काही सापडेना; महागाव तेवढे सापडले. तोवर सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून हाक दिली,

"अहो, याला साबुदाणा चालतो का?"