फाउंटन ह्यूज यांचं देणं

११ जून १९४९ रोजी बाल्टिमोरमध्ये हर्मंड नॉरवुड नावाचा माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन फाउंटन ह्यूज यांच्यासमोर बसला. ह्यूज यांनी आधी नाव सांगितलं, मग गाव : व्हर्जिनियातलं शार्लट्सव्हिल. आजोबा थॉमस जेफरसनच्या मालकीचे होते आणि आपलं वय एकशे एक, हेही लगेच सांगून टाकलं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीची माणसं! ह्यूज हे इतक्या सरळ सुरात बोलतात, की ऐकणाऱ्याच्याच पोटात कालवतं.

गुलामीत जन्मलेली शेवटची पिढी अशी बोलती झाली, हे फार मोठं काम आहे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या योजनेतून बेकार लेखकांनी अशा दोन हजारांहून अधिक म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. पण विचारणारे बहुतेक गोरे, आणि काळ दक्षिणेतल्या वंशभेदाचा. म्हातारी माणसं जपून बोलायची. त्यात लिहिणाऱ्याच्या लेखणीची चाळणी. प्रत्यक्ष आवाज मात्र थोड्यांचेच उरले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपलेल्या त्या आवाजांत ह्यूज यांचा आवाज मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

ते आधी उधारीबद्दलच बोलतात. हातात पैसा असेल तरच वस्तू घ्या, नसेल तर थांबा, असं पुन्हा पुन्हा बजावतात. गुलामीकडे ते त्यानंतर येतात. गुराढोरांसारखी माणसं विकली जायची, बोली लागायची. चिठ्ठीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. पुस्तकाकडे बघायचीही मनाई. निजायला जमिनीवरचं अंथरूण. बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत पायात काही नव्हतं. आणि सुटका झाली, तेव्हा ना घर, ना दाणा. बाप युद्धात गेलेला, म्हणून आईने पोरांना महिना एक डॉलरवर कामाला लावलं. पुन्हा गुलाम व्हायची वेळ आली, तर बंदूक घेऊन सगळं संपवीन, असंही ते सांगतात. तिथेही त्यांचा सूर चढत नाही.

माझे आजोबा मराठवाड्यात सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, उचल मिळायची, आणि उचल फिटेपर्यंत मालकाचा वाडा सुटायचा नाही. सालदारी म्हणजे अमेरिकेतली गुलामी नव्हे. आबांना कुणी लिलावात उभं केलं नव्हतं. पण त्या दिवसांबद्दल ते कधी अवाक्षर काढत नसत. 'किती हाल झाले असतील' असं म्हटलं, की उठून गोठ्याकडे जात. ह्यूज ऐकल्यावर मी आबांशेजारी बसून एवढंच विचारलं, "आबा, पायात पहिल्यांदा वहाणा कधी आल्या?"

"लग्नात रं. सासऱ्यानं दिल्या. दुसऱ्या दिशी मालकाच्या वाड्यात जाताना काढून काखेत धरल्या."

मग ते थांबले नाहीत. उचलीचा आकडा मालकाच्या वहीत असायचा, आबांना वाचता येत नसे. पावसाळ्यात जादा घेतलेली पायली त्यात कशी चढायची, थोरल्या काकांना वयाच्या नवव्या वर्षी गुरांमागे का पाठवलं, सगळं आलं. आयुष्यभर त्यांनी किराणा दुकानात वही का उघडू दिली नाही, तेही तेव्हाच कळलं. आम्हा नातवंडांपैकी कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिकडच्या गुलामीशी इकडचं दुःख जोडणारा मी पहिला नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. पुण्यातून ते शब्द निघाले, तेव्हा नुकत्याच सुटलेल्या माणसांत शार्लट्सव्हिलचा हा तरुणही होता. आमच्या घरातलं मौन फुटलं ते त्याच्याच आवाजामुळे, असं मी मानतो.

ह्यूज १९५७ मध्ये गेले. आबाही आता नाहीत. त्यांचं बोलणं मी त्यांच्याच बोलीत, 'व्हतं-नव्हतं'सकट उतरवून काढलं आणि त्यांच्या पाचही लेकरांच्या घरी एकेक प्रत दिली. धाकट्या आत्याने ती सुनेकडून वाचून घेतली आणि फोन करून मालकाच्या वहीतला एक आकडा दुरुस्त करायला सांगितला.