जुन्या डब्यात नवं कार्ड: एका सीए आईचा हिशेब



घरात बारा ते सोळा वयाचं मूल असेल, तर "आई, मला गेमिंग पीसी हवाय" हे वाक्य तुमच्याकडे येऊन गेलं असेल किंवा वाटेत असेल. आमच्याकडे ते गेल्या दिवाळीच्या आधी आलं. सोबत ११०० डॉलरच्या एका चकचकीत डब्याची लिंक. आत रंगीबेरंगी दिवे, बाजूला काच.

मी इंजिनिअर नाही. पुण्यात आर्टिकलशिप केलेली सीए आहे, आता चँडलरमध्ये लोकांची पुस्तकं तपासते. आमच्या या गावात इंटेलचा एवढा मोठा ओकोटिलो कॅम्पस आहे, ओळखीतली निम्मी मराठी घरं चिपच्या धंद्यात आहेत. तरी घरातल्या संगणकाचं झाकण उघडायची वेळ आली की आपण सगळे "नवीनच घेऊन टाकू" म्हणतो. नवरासुद्धा हेच म्हणाला. म्हणून हा सगळा हिशेब सविस्तर लिहितेय. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी मूळ गरज काय ते सांगते, कारण सगळं त्यावरच ठरलं. माझी ताई पुण्यात असते. तिचा मुलगा आणि माझा मुलगा, म्हणजे दोघे मावसभाऊ, दर शनिवारी रात्री माइनक्राफ्ट खेळतात. ॲरिझोनात घड्याळ मागे-पुढे करत नाहीत, त्यामुळे बाराही महिने भारताशी साडेबारा तासांचा फरक. आमचे रात्रीचे ८ म्हणजे त्यांचे रविवारचे सकाळचे साडेआठ. दोघांनी मिळून दिवाळीचा किल्ला करायला घेतला होता. अंगणात माती कालवून करतो तोच, फक्त पडद्यावर. आणि मंडळी, तुम्हाला हे लगेच कळेल: आठवड्यातले हे दोन तास सोडले तर माझा मुलगा आपणहून मराठी बोलत नाही. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. मावसभावाशी मात्र "अरे थांब ना, बुरूज पडतोय!"

किल्ला मोठा झाला, मावसभावाने त्यात ऊन-सावली आणि पाण्याची चकाकी दाखवणारे शेडर घातले, आणि आमच्याकडचा संगणक धापा टाकायला लागला. हळूहळू मुलगा नुसता बघत बसायला लागला आणि लवकर उठून जायला लागला. मला काळजी होती ती याची.

आता हिशेब.

आमचा संगणक म्हणजे कुठल्याशा ऑफिसात वापरून झालेला, रिफर्बिश्ड घेतलेला उभा डबा. इंटेलचा आय५-८५०० प्रोसेसर, २०१८ सालचा, सहा कोअरचा. ८ जीबी मेमरी, एसएसडी, आणि ग्राफिक्स म्हणजे प्रोसेसरमध्येच असतं तेवढंच. भारतातल्या कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ प्रमाणे डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं. इथे अमेरिकेत आयकरासाठी संगणक ५ वर्षांच्या गटात मोडतो. दोन्हीकडच्या पुस्तकांत हा डबा केव्हाच निकाली निघाला. पण पुस्तकातली किंमत संपली म्हणजे वस्तू संपली असं नाही, हे आम्हाला आर्टिकलशिपमध्येच शिकवतात. वस्तूत अजून किती काम शिल्लक आहे, ते वेगळं तपासावं लागतं.

म्हणून मुलाला सांगितलं, "आधी दुखतंय कुठे ते शोध, मग औषधाचं बोलू." त्याने तीन गोष्टी तपासल्या. तुम्हीही ह्याच तपासा.

पहिली: अडखळणं इंटरनेटचं आहे की चित्राचं? इथून पुण्यापर्यंत निरोप जाऊन यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. प्रकाशाचा वेग आपल्या हातात नाही, आणि जगातलं कुठलंही कार्ड तो उशीर कमी करत नाही. पण पडद्यावरचं चित्रच तुकड्या-तुकड्यांत हलत असेल, तर दोष आपल्या डब्यात आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत एफ३ दाबलं की सेकंदाला किती चित्रं निघताहेत तो आकडा दिसतो. आमच्याकडे शेडर लावल्यावर १२ ते १५. डोळ्याला सुखाचं वाटायला साधारण ६० लागतात.

दुसरी: दमतंय कोण? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचं पान उघडा आणि खेळ चालू असताना बघा. आमचा प्रोसेसर ४५ टक्क्यांवर निवांत होता, ग्राफिक्स १०० टक्क्यांवर घामाघूम, आणि मेमरी जवळजवळ भरलेली. हेच उलटं असतं, प्रोसेसर १०० आणि ग्राफिक्स ४०, तर कार्ड घेऊन काहीच उपयोग नव्हता.

तिसरी: डब्यात राम उरलाय का? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा बरोबर उंबरठ्याच्या आत. तुमचा सहाव्या-सातव्या पिढीचा असेल, तर मी म्हणेन त्यावर पैसे घालू नका.

आता कार्ड. इथे दुकानदाराचा सल्ला आणि आपली गरज यांचे रस्ते वेगळे होतात. ऑफिसच्या डब्यातला पॉवर सप्लाय लहान असतो, आमचा २६० वॉटचा. त्यात मोठ्या कार्डाला लागणारी जादा वायर नसतेच. शिवाय बऱ्याच कंपन्यांची जोडणी स्वतःच्या पद्धतीची असते, त्यामुळे बाजारातला दुसरा सप्लाय आणून बसवणंही सोपं नसतं. म्हणून आपल्याला हवं ते कार्ड फक्त स्लॉटमधून वीज घेणारं. त्या स्लॉटची मर्यादा ७५ वॉट. आम्ही याचं चक्क बजेट मांडलं: प्रोसेसर ६५, कार्ड ७०, बाकी सगळ्याला मिळून ४०. बेरीज १७५, हातात २६०. शिल्लक बरी आहे, मंजूर. सॅटाच्या वायरीवरून मोठ्या कार्डाला वीज द्यायचे स्वस्त अडॅप्टर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती वायर तेवढ्या भारासाठी नसते, वितळण्याचा धोका असतो.

या मर्यादेत बसणारी चार नावं पोराने शोधली. जीटीएक्स १६५० हे २०१९ चं, ४ जीबीचं. वापरलेलं स्वस्त मिळतं, पण त्याच्या काही मॉडेलना जादा वायर लागते, नीट बघून घ्या. आरएक्स ६४०० हे २०२२ चं, वीज सगळ्यात कमी, ५३ वॉट. पण ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं, आणि आपल्या जुन्या डब्यातला स्लॉट तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे त्याचा वेग आणखी घटतो. त्यात व्हिडिओ एन्कोडर पण नाही, म्हणजे मुलाला खेळ रेकॉर्ड करायचा असेल तर पंचाईत. इंटेलचं आर्क ए३८० किमतीला चांगलं, पण रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डमध्ये नसेल तर ते मागे पडतं, आणि जुन्या डब्यांत ती बहुधा नसते. इंटेलच्या गावात राहून इंटेलचं कार्ड नाकारताना मुलाला फार वाईट वाटलं! शेवटी आरटीएक्स ३०५०, त्यातलं ६ जीबीचं. ७० वॉट, बहुतेक मॉडेलना जादा वायर नको. याच नावाचं ८ जीबीचं भावंड आहे, त्याला मात्र वायर लागते. दोघांत गल्लत करू नका.

डबा उभा आणि रुंद असेल तर कुठलंही आखूड कार्ड बसतं. आडवा, चपटा असेल तर लो-प्रोफाइल म्हणजे बुटकं कार्ड शोधा. फुटपट्टी घेऊन आत मोजा, अंदाजावर जाऊ नका. आणि वापरलेलं कार्ड अशक्य स्वस्त दिसलं, तर ते जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असू शकतं. परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्या.

आकडे असे. कार्ड १६९ डॉलर, त्यावर चँडलरचा ७.८ टक्के विक्रीकर, एकूण १८२ डॉलर १८ सेंट. ओळखीतून ८ जीबी मेमरीची एक वापरलेली पट्टी २४ डॉलरला. जुनी एकच पट्टी होती, आता दोन झाल्या. मेमरी १६ जीबी झाली आणि दोन पट्ट्यांमुळे कामही जलद. एकूण खर्च २०६ डॉलर १८ सेंट. नवा डबा करासकट ११८५ डॉलर ८० सेंट पडला असता.

पण नुसती वजाबाकी करून थांबू नका, तो हिशेब अर्धा आहे. आयुष्य धरा. जुना डबा अजून ३ वर्षं चालेल असं मी सावधपणे धरलं, म्हणजे वर्षाला ६९ डॉलर. नवा ५ वर्षं धरला तर वर्षाला २३७. विजेचं म्हणाल तर ७० वॉट रोज दोन तास म्हणजे वर्षाला ५१ युनिट. युनिटला १५ सेंट धरले तरी ८ डॉलरच्या आत. उद्या डबा गेलाच, तर कार्ड काढून पुढच्या डब्यात बसवता येतं. आमच्या भाषेत हा किरकोळ दुरुस्तीखर्च नाही, यंत्राची क्षमता वाढवणारा भांडवली खर्च आहे.

साठ डॉलर मुलाने स्वतःचे घातले, शेजाऱ्यांचे कुत्रे फिरवून साठवलेले. ही अट माझी नव्हती. वायर, वॉट आणि लेन यांचा तक्ता स्वतः केल्यावर त्याला ते कार्ड आपलं वाटायला लागलं होतं.

बसवायला पाऊण तास लागला. आपल्या वाळवंटातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून गालिच्यावर बसू नका, फरशीवर बसा, आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या धातूला हात लावा. वीज बंद, प्लग काढलेला. आधी डबा पॅटिओत नेऊन हवेच्या डब्याने धूळ उडवली. इथली धुळीची वादळं माहीत असलेल्यांना सांगायला नको की आतून किती माती निघाली! अर्धा किल्ला तेवढ्यात झाला असता. कार्ड 'टक' आवाज येईपर्यंत दाबायचं, स्क्रू लावायचा. आणि मॉनिटरची केबल आता कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर. झालं. शेडरसकट आकडा ६० च्या वर गेला.

आता थोडं हिशेबापलीकडचं.

आपण परदेशातले आईबाप एक विचित्र खर्च करतो, तो कुठल्याच खात्यात नीट बसत नाही. मुलांना आजीच्या, मावश्यांच्या, चुलत-मावस भावंडांच्या घोळक्यातून उचलून आणलं, याचं मनात कुठेतरी राहिलेलं असतं. मग मूल काही मागतं तेव्हा आपण वस्तूची किंमत बघत नाही, त्या राहिलेल्याची परतफेड करायला बघतो. ११०० डॉलर देणं आम्हाला अशक्य नव्हतं. दिले असते तर मला दोन दिवस हलकंही वाटलं असतं. पण मुलाने भरपाई मागितलीच नव्हती. त्याला हवं होतं ते एवढंच, की शनिवारी रात्री भावाबरोबर किल्ला बांधताना आपण मागे पडू नये. त्यासाठी नेमकं काय कमी पडतंय हे शोधल्यावर उत्तर दोनशे डॉलरमध्ये सापडलं.

दोनशे डॉलरमध्ये मराठी विकत मिळत नाही, हे मलाही कळतं. तो अजूनही माझ्याशी इंग्रजीतच बोलतो. पण परवा आई ताईकडे गेली होती. तिने मागून पडद्यात डोकावून दोघांना झापलं, "अरे, दिंडी दरवाजा एवढा मोठा असतो का? माणूस वाकून आत शिरला पाहिजे!" मग इकडे हेडफोनमधून प्रश्न गेला, "आजी, वाकून का?" आणि पुढचा अर्धा तास तटबंदी, माची, बालेकिल्ला, चोरवाट. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत ऐकत होते, मध्ये पडले नाही.

तर मंडळी, नवीन डब्याचं बटण दाबण्याआधी घरातला जुना डबा उघडून बघा. शक्यतो मुलालाच उघडू द्या, तक्ताही त्यालाच करू द्या. प्रोसेसर कुठला, पॉवर सप्लाय किती वॉटचा, डबा उभा की चपटा, एवढं खाली लिहिलंत तर आमचा 'इंजिनिअर' बघून सांगेल. उत्तर मराठीत द्यायचं, अशी अट मी त्याला घातली आहे. स्पेलिंग सांभाळून घ्या!